शिवूच्या छातीतली डबी

हसणार न्हाईत असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ द्या, कबूल करूनबी हसालच, मला ठाऊक हाय. आमच्या घरी पाव्हणा आला की चहाच्या आधी हा किस्सा निघतो, आन् सांगणारी आमची महानंदा असती. ती सांगायला लागली की मी काहीतरी निमित्त काढून दुकानात जाऊन बसतो. आज ती माहेरी, उदगीरला गेलीय. म्हणलं, एकदा आपणच सांगून टाकावं, म्हणजे माझ्या बाजूनंबी दोन शब्द पडतील.

तर ऐका. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झालेला. त्याच्या आधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. साध्या कामाला तिकडं जायचं म्हणजे दिवस मोडायचा. आता जिल्हा दारात आला म्हणून आम्ही लई खूश. चाकूरच्या अलीकडं आमचं गाव, गावात माझं किराणा दुकान, आन् दुकानात बसून दुसरं काम काय? साखर घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी नवा जिल्हा सांगायचो, मग साखर द्यायचो. कलेक्टर आपला, कचेरी आपली, मोठा दवाखाना आपला! त्या दवाखान्याचं तर मी असं वर्णन करायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, एकदा तरी आजारी पडून बघितलं पाहिजे. मी स्वतः तो दवाखाना तोवर रस्त्यावरूनच बघितला होता, ही गोष्ट वेगळी.

फक्त पाऊस तेवढा नव्या जिल्ह्याला मानवला न्हाई. विहिरींचे तळ दिसायला लागले होते. गावाला टँकर यायचा, आन् कधी येईल त्याचा भरवसा नसायचा. म्हणून सकाळपासूनच पारापाशी घागरींची रांग लागायची. माणसं आपापल्या कामाला आन् घागरी रांगेत. टँकरचा आवाज आला की सगळं गाव हातातलं टाकून पळत सुटायचं.

त्या दिवशी महानंदा सकाळीच चाकूरला तिच्या मावशीकडं गेली. जाताना दोन गोष्टी सांगून गेली. एक, लेकराकडं लक्ष ठेवा. आमचा शिवू तेव्हा पहिलीत होता आन् चढता येईल अशी कुठलीबी वस्तू बघितली की त्याच्या पायाला खाज सुटायची. दुसरी गोष्ट, तिची कुंकवाची डबी शोधा. ती डबी तिच्या आईनं लग्नात दिलेली, चांदीची, गोल, झाकणावर मोर. ती दोन-तीन दिवसांपासून सापडत नव्हती आन् तिनं सगळं घर उलटंपालटं केलं होतं. मला इतक्यांदा विचारलं की मी शेवटी वैतागून म्हणलं, "मी काय कुंकू लावतो काय?"

हे डबीचं ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

टँकर आला दुपारच्या आत. मी दोन घागरी आन् शिवूला घेऊन रांगेत उभा राहिलो. आता रांगेत गप उभं राहायचं माझ्या स्वभावात न्हाई. कोणीतरी म्हणलं की जिल्हा होऊन काय उपयोग, पाणी तर येतंय टँकरनंच. झालं, माझं डोकं फिरलं. मी त्या माणसाला जिल्हा म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो, हातवारे करून, पार कचेरीच्या खिडक्यांपर्यंत. तेवढ्यात मागं धप्पकन आवाज आला. शिवू टँकरच्या शिडीवरून वर चढला होता, आत किती पाणी हाय ते बघायला. तिथून तो थेट खाली आला, खांद्यावर.

पोरगं आधी रडलंच न्हाई, नुसतं तोंड उघडं. मग जो टाहो फोडला, तो ऐकून उलट मला बरं वाटलं. उजवा हात त्याला उचलता येईना. गळ्याखालच्या हाडावर सूज चढायला लागली. कोणी म्हणे हळद लावा, कोणी म्हणे शिरूर अनंतपाळकडं एक हाड बसवणारा हाय, त्याच्याकडं न्या. पण सगळं गाव माझ्याकडंच बघत होतं. इतके दिवस दुकानात बसून दवाखान्याचं गुणगान गाणारा मी, आता लेकराला हळद लावून बसलो असतो तर गावानं मला साखरसुद्धा मागितली नसती. मी म्हणलं, लातूर!

आता लातूरला जायचं कशात? एस.टी.ला अवकाश होता. टँकरचा ड्रायव्हर चाँदपाशा, लई मायाळू माणूस. त्याच्याच गाडीवरून पोरगं पडलं म्हणून त्याचं तोंड पडलेलं. घागरी भरून झाल्या तसा तो म्हणला, "आप्पा, बच्चे कू लेके बैठो सामने. मैं भरनेकूच जारा हूँ, पहले दवाखाना, बाद में पानी."

शेजारच्या सुमनबाईला सांगितलं, महानंदा आली की तिला लातूरला लावून द्या, आन् आम्ही निघालो. आता दुष्काळात रिकामा टँकर घेऊन रस्त्यानं जायचं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगतो. आवाज ऐकला की प्रत्येक गावातून बाया घागरी घेऊन आडव्या यायच्या. चाँदपाशा खिडकीतून डोकं काढून ओरडायचा की खाली हाय, दवाखान्यात चाललोय. कोणाचा विश्वास बसेना. दवाखान्यात टँकर जातो का कधी? एका म्हातारीनं तर मागं जाऊन तोटी सोडून बघितली, टाकी खरंच कोरडी हाय म्हणल्यावर तोटी बंद केली, मग येऊन शिवूच्या तोंडावरून हात फिरवला आन् आम्हाला वाट दिली. पोरगं माझ्या मांडीवर, त्याचा हात मी माझ्या उपरण्यानं बांधलेला, आन् ते दर खड्ड्याला कण्हायचं.

आता इथं मला एक गोष्ट सांगावी लागती, न्हाईतर पुढचं समजायचं न्हाई. आम्ही लिंगायत. आमच्यात दीक्षा झाली की गळ्यात इष्टलिंग बांधतात, माझं चांदीच्या गोल डबीत हाय. ते अंगावरून काढायचं न्हाई. झोपताना न्हाई, आंघोळीला न्हाई, कधीच न्हाई. मी शिवूपेक्षा थोडा मोठा असंन तेव्हापासून ते माझ्या छातीवर हाय. म्हणजे नाक जसं तोंडावर असतं तसं. तुम्हाला कोणी विचारलं की तोंडावर काय काय हाय, तर तुम्ही नाक मोजता का? शिवूची दीक्षा अजून व्हायची होती, त्याच्या गळ्यात काही नव्हतं.

दवाखान्यात पोचलो. अपघाताच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान, बोलणं मऊ, लातूरच्या बाहेरच्या असाव्यात. त्यांनी शिवूला चुचकारत चुचकारत हात तपासला आन् म्हणल्या, गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाला लागलंय, घाबरू नका, छातीपासून खांद्यापर्यंतचा फोटो काढून आणा. एक्स-रेला आम्ही सगळे फोटोच म्हणायचो. माझ्या मनात एकदम अभिमान दाटून आला. बघा, फोटोचं मशीनसुद्धा हाय आपल्या जिल्ह्यात!

फोटोवाला माणूस शिस्तीचा. त्याचा काही दोष न्हाई हे मी आधीच सांगून टाकतो. त्यानं शिवूचा सदरा काढायला लावला, गळ्यातला ताईत काढायला लावला, कमरेचा करदोडा काढायला लावला. पोरगं एकटं झोपंना म्हणून मला म्हणला, तुम्ही डोक्याकडं उभं राहा, त्याचा दुसरा हात धरा, मशीनखाली वाकू नका. मग विचारलं, तुमच्या अंगावर धातूचं काही?

मी घड्याळ काढलं. अंगठी काढली. दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. खिशातली अडकित्त्याची चंची काढली. सगळं टेबलावर ओतून म्हणलं, "आता अंगावर काही न्हाई, सायेब. निव्वळ मी."

तो भिंतीआड गेला. आतून म्हणला, हलू नका. आन् नेमकं तेव्हा शिवू बारीक आवाजात म्हणला, आप्पा, मला भ्या वाटून राहिलं. आता तुम्ही सांगा, कोण बाप ताठ उभा राहील? मी खाली वाकलो, त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आन् म्हणलं, मी हाय की रे राजा. मशीन कुर्र वाजलं. झाला फोटो.

फोटो वाळून डॉक्टरीणबाईंच्या हातात गेला. त्यांनी तो उजेडाला धरला. आधी म्हणल्या, हाडाला चीर गेलीय, हात गळ्यात बांधू, लहान वय हाय, भरून येईल. मी हुश्श केलं. मग त्यांनी फोटो जरा जवळ घेतला. मग लांब धरला. मग माझ्याकडं बघितलं. "आप्पा, यानं काही गिळलंय का?"

मी जवळ जाऊन बघितलं. फोटोत माझ्या लेकराच्या फासळ्या दिसत होत्या, उघड्या छपराच्या वाशांसारख्या. आन् बरोबर त्यांच्या मधोमध एक पांढरंशुभ्र गोल. चांगलं ठसठशीत. बाईंनी विचारलं, फोटोच्या वेळी याच्या गळ्यात काही होतं का? मी छातीठोक सांगितलं, काही नव्हतं, दीक्षाच झाली न्हाई त्याची. फोटोवाल्यानंबी साक्ष दिली की लेकराचं सगळं काढलं होतं. मग हे गोल आलं कुठून?

आन् तेवढ्यात, अहो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोल. चांदीचं. दोन-तीन दिवसांपासून सापडंना.

"डबी!" मी ओरडलो.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. आपल्यावर उगाच आळ घेत होती, आता दाखवतो तिला, डबी कुठं हाय ते! मग दुसऱ्या क्षणाला कळलं की ती कुठं हाय. मी मटकन बाकावर बसलो. बाईंना सगळं सांगितलं, डबी केवढी, झाकणावर मोर कसा. त्या म्हणल्या, एवढी मोठी वस्तू या घशातून जाईल असं वाटत नाही, आन् गेली असती तर हा असा बोललाही नसता. मी म्हणलं, बाई, तुम्हाला आमचा घसा माहीत न्हाई, आमच्या घराण्यात लाडू अख्खा खातात.

त्या म्हणल्या, त्यालाच विचारू. त्या विचारणार होत्या तर नीट विचारलं असतं, पण मी मधी पडलो. मी म्हणलं, माझं लेकरू हाय, मला त्याच्याशी बोलायची रीत माहीत हाय. मी शिवूपाशी बसलो आन् विचारलं, आईची डबी गिळलीस का? तो म्हणला, न्हाई. मी म्हणलं, मी मारणार न्हाई, खरं सांग. तो म्हणला, न्हाई. मी म्हणलं, आई बी मारणार न्हाई. तो विचारात पडला. मी म्हणलं, खरं सांगितलंस तर दुकानातली गुळाची शेवगोडी देतो, पुडाच्या पुडा. शिवूनं माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, "हाव, गिळली."

मोर कुठं टोचला का विचारलं तर म्हणला, घशात टोचला. घ्या! मी बाईंकडं बघितलं, बघा म्हणलं, कबूल केलं. बाईंचं तोंड बारीक झालं. त्यांनाबी आता धोका पत्करायचा नव्हता. त्या म्हणल्या, याला खायला-प्यायला काही देऊ नका, अशी वस्तू दुर्बीण घालून काढावी लागते, ती सोय इथं नाही, अंबाजोगाईला पाठवावं लागेल. गाडीची व्यवस्था करते, तोवर आणखी एक फोटो काढून बघू, वस्तू कुठं सरकली का.

नव्या जिल्ह्यात ती दुर्बीण नसावी याचं मला त्या वेळी जे वाईट वाटलं, ते काय सांगावं. पण फोटो तरी काढता येतोय म्हणलं. पुन्हा तेच मशीन, पुन्हा तोच फोटोवाला, पुन्हा मी डोक्याकडं उभा. या खेपेला तर मी आणखीनच वाकलो, कारण मला त्याच्या पोटातून काही वाजतंय का ते ऐकायचं होतं.

दुसरा फोटो आला. गोल जागेवर न्हाई! आधी छातीच्या मधोमध होतं, आता थेट हनुवटीखाली, आन् डाव्या बाजूला कललेलं. बाई म्हणल्या, "वर चढतंय." मी म्हणलं, बाई, उलटी होऊन पडंल का? त्या म्हणल्या, श्वासाच्या नळीवर दाब आला तर अवघड होईल. त्यांनी हे हळूच सांगितलं, पण माझ्या कानात ते टँकरच्या हॉर्नसारखं वाजलं.

बाहेर बाकावर एक आजीबाई बसली होती, नातवाच्या तापासाठी आलेली. तिनं सगळं ऐकलेलं. ती म्हणली, लेकराला केळी चार, डबी सुखानं खाली उतरंल. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. फाटकावरून डझनभर केळी घेऊन आलो. सालं काढतोय न काढतोय तोवर बाई आल्या आन् मला असं रागावल्या की मी हातातलं केळ लपवायला जागा शोधली आन् तोंडात कोंबलं. मग काळजीनं दुसरं खाल्लं. तिसरं खाल्लं. तुम्हाला सांगतो, काळजीत माणसाला आपण काय करून राहिलो तेच कळत न्हाई. शिवू माझ्याकडं बघत होता आन् केळ्यासाठी रडत होता, आन् मी त्याला उपाशी ठेवून त्याच्यासमोर सगळी केळी संपवली.

मग मी एका खांबाआड जाऊन उभा राहिलो. आता हसू नका हां. मी सदऱ्यात हात घातला, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, डोळे मिटले आन् म्हणलं, देवा, एवढ्या वर्षांत तुझ्याकडं काही मागितलं न्हाई. माझ्या लेकराच्या छातीतनं तेवढी ती वस्तू काढ. दुसरं काही मला नको. पाऊस बी पुढच्या वर्षी दे. मी खरंच रडलो. मुठीत लिंगाची डबी घट्ट धरलेली. ज्याला काढ म्हणत होतो, ते माझ्याच मुठीत होतं, पण मला येड्याला काय माहीत!

डोळे उघडले तर समोर महानंदा. एस.टी.नं आली होती, हातात पिशवी, कपाळावर घाम. लेकरू कसंय, विचारलं. मी म्हणलं, हाड बरं हाय. तुझ्या माहेरची डबी आपल्या लेकराच्या छातीत बसलीय, हे कुठल्या तोंडानं सांगू तिला? त्यात तिनं मला सकाळीच सांगितलेलं, लक्ष ठेवा. मी नुसतं म्हणलं, अजून एक फोटो काढायचाय.

अंबाजोगाईची गाडी येऊन थांबली होती. निघायच्या आधी डॉक्टरीणबाईंना वस्तूची नेमकी जागा हवी होती. शिवूनं आईला बघितलं आन् तो मला काही जवळ येऊ देईना. म्हणून महानंदा त्याला घेऊन आत गेली आन् मी बाहेर येरझाऱ्या घालत राहिलो.

बाई फोटो घेऊन आल्या त्या जवळजवळ पळतच. फोटो उजेडाला धरला. फासळ्या हायत. हाडाची चीर हाय. गोल न्हाई! वर न्हाई, खाली न्हाई, कुठंच न्हाई. बाईंनी फोटो उलटा करून बघितला. त्या म्हणल्या, "अशी कशी गेली?"

मी हात जोडून वर बघितलं. देवानं ऐकलं! म्हणलं, बाई, केळी लागू पडली. मग माझ्याच ध्यानात आलं की केळी तर मी खाल्ली होती. पण अशा वेळी एवढा हिशेब कोण बघतो? मी त्या आजीबाईच्या पाया पडलो. गाडीच्या ड्रायव्हरला मिठी मारली. आन् आता धोका टळलाच हाय म्हणल्यावर मला धीर आला आन् मी महानंदाला सगळं सांगून टाकलं. तुझी डबी शिवूनं गिळली होती, छातीत अडकली, मग वर चढली, आन् आता माझ्या प्रार्थनेनं नाहीशी झाली.

महानंदानं सगळं शांतपणं ऐकलं. मग पिशवीत हात घातला आन् माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. चांदीचं, गोल, झाकणावर मोर.

"दुकानात वेलदोड्याच्या बरणीत सापडली," ती म्हणली. "एस.टी.ला सुट्टे पैसे बघायला आतल्या दारानं गेले, बरणी उघडली तर वर हीच. वेलदोडे काढायला माप म्हणून कोणी ठेवली असंल ते तुम्हीच सांगा."

आता मला आठवलं. दोन-तीन दिवसांमागं माझं बारकं माप हरवलं, तेव्हा घरात पहिली हाताला लागली ती डबी मीच उचलली होती. पण ते राहू द्या. डबी जर बरणीत होती तर फोटोत काय होतं? बाई माझ्याकडं बघून राहिल्या, मी बाईंकडं. बाईंनी शिवूला विचारलं, बाळा, मग तू गिळली असं का म्हणालास? शिवू म्हणला, "आप्पा शेवगोडी देतो म्हणले."

मी म्हणलं, पोराचं जाऊ द्या, दोन फोटो खोटं बोलतात का?

तेव्हा महानंदानं मला विचारलं. आवाज चढवला न्हाई, काही न्हाई. ती म्हणली, "आत फोटोवाल्यानं मला बी विचारलं, अंगावर काय हाय म्हणून. मी मंगळसूत्र काढलं, आन् गळ्यातलं लिंग पदरात गुंडाळून पाठीवर टाकलं, मधी येऊ नये म्हणून. तुमचं कुठं होतं?"

माझा हात आपोआप छातीवर गेला.

शिवू म्हणला, "वाकताना माझ्या नाकाला लागलं ना आप्पांचं. दोन्ही बारीला."

डॉक्टरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. फोटोवाला दारात उभा होता, तो म्हणला, मी तुम्हाला विचारलं होतं की आप्पा. मी म्हणलं, तुम्ही अंगावरचं विचारलं होतं, सायेब, हे अंगावरचं कुठंय, हे तर मीच हाय. त्याचे खांदे हलायला लागले. बाईंनी गाडी माघारी पाठवली, आन् हसू आवरून शिवूचा हात गळ्यात बांधून दिला. मला म्हणल्या, घरी गेल्यावर याला पोटभर खायला घाला, सकाळपासून उपाशी आहे. मी म्हणलं, घालतो. ती केळ्यांची सालं मी पायानं बाकाखाली सरकवली.

बाहेर चाँदपाशा टँकर भरून उभा. आम्हाला सोडून तो जाणार न्हाई म्हणून थांबलेला. येताना पुढं तिघं बसलो. शिवू आईच्या मांडीवर झोपलेला, आन् महानंदा चाँदपाशाला सगळं सांगत होती, पहिल्यापासून. चाँदपाशाला हसू आवरेना, गाडी रस्त्यावर नागमोडी चालायला लागली. मला काही वाईट वाटत नव्हतं, खरं सांगतो. पाठीमागं टाकीत पाणी डुचमळत होतं, पोरगं घोरत होतं, त्याच्या छातीत काही नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. गावात टँकर थांबला तेव्हा घागरी भरायच्या आधी चाँदपाशानं किस्सा वाटला. कित्येक दिवस माझ्या दुकानात कोणी आलं की साखर मागायच्या आधी विचारायचं, आप्पा, वेलदोडे हायत का?

शिवूचा खांदा महिन्या-दीड महिन्यात भरून आला. पुढच्या वर्षी पाऊसबी आला. देवाला मी तेवढं सांगितलेलंच होतं.

मग एक-दोन वर्षांनी शिवूची दीक्षा ठरली. मठाचे महाराज आले, पाहुणेरावळे आले, उदगीरहून सगळं सासर आलं. शिवू न्हाऊन, विभूती लावून पाटावर बसला. मी कौतुकानं बघत होतो. महाराजांनी चांदीच्या डबीतलं लिंग हातात घेतलं आन् रीतीप्रमाणं विचारलं की याच्या अंगावर याच्या आधी कधी लिंगधारण झालं होतं का.

मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून महानंदा म्हणली, "झालंय की महाराज. याच्या बापानं लातूरच्या दवाखान्यात दोनदा केलं. फोटू हायत घरी, आणू का?"